मेन स्विच कोण पाडतं?

वजनकाट्यावर हार घातलेला ट्रॅक्टर उभा होता आणि सर्व्हर अपडेट होत होता. स्क्रीनवर एकच ओळ: कृपया मशीन बंद करू नका.

पारोळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाचा मुहूर्त होता. पहिल्या कापसाची पूजा झाली होती, काट्यावर वजनही दिसत होतं. पावती मात्र निघेना. पावतीचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर, आणि सर्व्हर मी नुकताच बसवलेला.

नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची कारभारीण. कोणी कुठली फाइल उघडायची, कोणाचं प्रिंट आधी, ते ती ठरवते. विंडोज सर्व्हर घ्यावं की लिनक्स, यावर मी धुळ्याहून येऊन मालक पारसशेठना भलंमोठं प्रेझेंटेशन दिलं होतं. शेठ शेवटच्या स्लाइडपर्यंत जागे राहिले, ही त्यांची सभ्यता. निवड शेवटी काट्याच्या सॉफ्टवेअरने केली. ते फक्त विंडोजवर चालायचं.

मग मी माझी हुशारी ओतली. अपडेट आणि बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, ही कामं रात्रीवर टाकली. रात्री राहून गेली तर सकाळी मशीन सुरू होताच आधी तीच उरकायची, अशी टिकही केली. आज नेमकं मोठं अपडेट आलं होतं.

"भाऊ, काटा बंद शे का?" ट्रॅक्टरवरून कापूस घेऊन आलेल्या नानांनी विचारलं. "मंग आम्ही जातस दुसरी जिनिंगमा."

मुहूर्ताची गाडी वळली की मागची रांगही वळणार. शेठ माझ्याकडे आले.

"हे रात्री होणार होतं ना, साहेब?"

"होणार होतं. पण तुमच्याकडे रोज संध्याकाळी लाइट जाते." सर्व्हर रोज अचानक बंद पडतो, हे मी पाहिलं होतं. विजेच्या नावाने बोटं मोडली आणि विषय संपवला.

"जाते कुठे? मी घालवतो."

"तुम्ही?"

"दिवाबत्ती झाली की मेन पाडायचा. वडिलांपासून असंच आहे. कापूस आहे साहेब, एक ठिणगी पुरते."

यूपीएस बिचारा रोज थोडा वेळ ओरडून झोपत असणार.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही स्लाइड दाखवत होतात."

शेठनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि नानांची पावती हाताने लिहिली. रांगेतली एकही गाडी दुसरीकडे वळली नाही.

आता सर्व्हर कापसापासून लांब, गेटवरच्या केबिनमध्ये वेगळ्या लाइनवर असतो. माझ्या प्रेझेंटेशनची पहिली स्लाइडही बदलली आहे: संध्याकाळी मेन स्विच कोण पाडतं? विंडोज-लिनक्स त्यानंतर.

पेन अजून शेठकडेच आहे. परत मागितलं तर म्हणतात, "राहू द्या, बॅकअप आहे."