गोजराबाईच्या दोडक्याचं बी

केनवडच्या बाजारात गोजराबाईला ओळखणारी माणसं कमी आणि तिच्या दोडक्याला ओळखणारी जास्त. तिचं टोपलं जमिनीला टेकायच्या आत बाया गोळा व्हायच्या. दोडका हातभर लांब, शिरा नाजूक, कडूपणाचं नाव नाही, आणि शिजायला इतका घाईचा की फोडणीत पडला न पडला तोच मऊ. तसं तिच्या वावरात वांगी, गवार, हिवाळ्यात मेथी-पालक असं सगळंच व्हायचं. विहीर होती, ठिबकच्या नळ्या होत्या, आणि रंगराव नावाचा नवरा होता. तो मोटार चालू-बंद करायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना जेवायला बोलवायचा. पण गोजराबाईचा जीव होता तो दोडक्यात.

ते बी तिच्या आईनं लग्नात ओटीतल्या खोबऱ्याच्या वाटीखाली दडवून दिलं होतं. आई गेली, माहेरचं वावर भावांनी विकलं. आईचं म्हणून जे काही उरलं ते या काळ्या बियांत. म्हणून ती त्यातली एकही कुणाला देत नसे. सून सुचिता नवी होती, तेव्हा मंगरूळपीरच्या आपल्या आईसाठी चार बिया मागून बसली. गोजराबाईनं तिला शांतपणे सांगितलं की मागून नेलेलं बी फळत नाही, चोरून नेलेलं फळतं. बायकांचा हा जुनाच समज, आणि गोजराबाईला तो फार सोयीचा पडायचा, कारण चोरायची सोय ती कुणाला ठेवतच नव्हती. सुचिता गरीब गाय. तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

चोरी एकदाच झाली होती. एका उन्हाळ्यात वेलावर बियांसाठी राखलेला दोडका भरदुपारी नाहीसा झाला, आणि पुढच्या हंगामात बांधापलीकडच्या रुपाबाईच्या मांडवावर तसाच हातभर लांब, नाजूक शिरांचा दोडका लोंबकळायला लागला. तेव्हापासून गोजराबाई भरबाजारात रुपाबाईच्या टोपल्याकडे बोट दाखवून, तो चोरीचा माल आहे, असं गिऱ्हाइकांना सांगायची. रुपाबाई नुसती हसायची. त्या हसण्यानं गोजराबाईचं डोकं आणखीच फिरायचं.

या चोरीनंतर बी लपवण्यात तिनं सगळी अक्कल पणाला लावली. बिया ओल्या शेणात दाबून गवरी थापायची आणि ती वाळवून ठेवायची, म्हणजे कीड लागत नाही, ही रीत सगळ्याच बायांची. पण बाकीच्या ती गवरी घरात नीट जपून ठेवतात. यंदा गोजराबाईनं सगळंच्या सगळं बी एका गवरीत थापलं, खुणेला हातातल्या बांगडीचा ठसा उमटवला आणि ती जळणाच्या गवऱ्यांच्या ढिगात खुपसून दिली. चोर आलाच तर काय गवऱ्या फोडत बसणार होता? घरातही तिनं कुणाला सांगितलं नाही. रंगरावाला तर नाहीच नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे.

चैत्रात रंगरावाला मारुतीचे रोडगे करायची हुक्की आली. कणकेचे जाड गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीत कुस्करून खायचे. अर्धं गाव वावरात जेवलं, रुपाबाईसुद्धा. गोजराबाईचा सारा दिवस भाजी ढवळण्यात आणि वाढण्यात गेला, पण ती खुशीत होती. यंदाचे रोडगे काय खमंग झालेत म्हणून तिनं दोन जास्तच खाल्ले.

संध्याकाळी रंगराव मोबाइल घेऊन बसला. फोटो त्यानं आधीच स्टेटसला लावले होते, आता ते घरात दाखवणं चाललं होतं. एका फोटोत गवऱ्या नुसत्या रचलेल्या होत्या, पेटवायच्या बाकी होत्या, आणि सगळ्यात वरच्या गवरीवर बांगडीचा गोल ठसा होता. गोजराबाईनं तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि ती मटकन खाली बसली. रंगरावाला वाटलं, फोटो आवडला.

ती पोटभर रडली. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला झालं. बरं, बोल लावावा तर कुणाला? सांगितलं असतं तर दुसरी गवरी घेतली असती, एवढंच रंगराव म्हणाला. बिचारा दुसऱ्याच दिवशी वाशीमला जाऊन दोडक्याच्या बियांचं चकचकीत पाकीट घेऊन आला. तिनं ते देवाच्या फोटोमागे ठेवलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

आता ते बी साऱ्या मुलखात एकाच ठिकाणी होतं, रुपाबाईकडे. मागायला जावं तर इतकी वर्षं जिला चोर म्हटलं तिच्यापुढे हात पसरावा लागणार. शिवाय मागून आणलेलं बी फळत नाही. हे सुनेला तिनंच सांगितलेलं, आणि आता ते तिच्याच गळ्याशी आलं होतं. मग एकच वाट उरली.

वैशाखातल्या एका टळटळीत दुपारी, माणसं आणि ढोरं सावलीला पडलेली असताना, गोजराबाई पदर खोचून बांध ओलांडून गेली. रुपाबाईच्या मांडवावर बियांचा दोडका वाळून तपकिरी झाला होता. लिंबाखाली रुपाबाई तोंडावर पदर घेऊन खाटेवर झोपलेली. कुत्रं कुठं दिसत नव्हतं. दोडका उंच होता, पण नेमकी त्याच्याखाली एक बादली पालथी पडली होती. देव पाठीशी आहे असं समजून गोजराबाई बादलीवर चढली आणि तिनं देठ मोडला.

वाळलेला दोडका किती वाजतो, हे जन्मभर दोडके लावणारीला कुणी सांगायला नको. पण चोरीची सवय नसल्यामुळे ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आतलं सुटं बी खुळखुळ्यासारखं वाजलं. तिनं दोडका छातीशी धरला, तरी वाजला. श्वास घेतला की वाजे.

"त्या बादलीचं बूड फुटकं हाये," पदराखालून रुपाबाईचा आवाज आला. "हळू उतर, बाई."

"मी काई नेत नाई," गोजराबाई म्हणाली, आणि दोडका खुळखुळला.

"मी कुठं काई पायलं? माह्या डोयावर पदर हाये."

पदर तसाच ठेवून रुपाबाई सांगत राहिली. रंगरावानं लावलेल्या फोटोतला ठसा तिनंही पाहिला होता, आणि गवरीवर कुणी उगाच बांगडी उमटवत नाही हे तिला कळत होतं. तेव्हापासून ती रोज दुपारी कुत्रं बांधून, बादली पालथी घालून वाट पाहत होती. गोजराबाई खाली उतरली. ती त्याच बादलीवर बसली. एवढी वर्षं मी तुला चोर म्हटलं, मग माझ्यासाठी हे कशाला, असं तिनं विचारलं.

"मी तुह्या वेलाचा दोडका नेला, तवा तूबी अशीच खाटेवर पडेल होती," रुपाबाई म्हणाली. "मले समजलं होतं, तू जागी हायेस अन् मुद्दाम डोये मिटले. बाजारात चोर म्हनायची, तं मले वाटे, देनाऱ्याले असं म्हनाच लागते, नाई तं बी उगवत नाई. तुह्यावानी मोठ्या मनाची बाई मी पायली नाई."

त्या दुपारी गोजराबाई ढाराढूर झोपली होती. बहुतेक घोरतही असावी. खरं सांगायची हीच वेळ होती. तिनं हातातल्या दोडक्याकडे पाहिलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"जागीच होती मी," ती म्हणाली.

बी मृगात लागलं आणि श्रावणात मांडव भरून दोडके आले. बाजारात आता दोघींची टोपली शेजारीशेजारी असतात. गोजराबाई गिऱ्हाइकांना अजूनही चोरीचा माल आहे म्हणून सांगते, फक्त बोट दोन्ही टोपल्यांकडे दाखवते.

दिवाळीला सुचिता मंगरूळपीरला माहेरी निघाली. पिशव्या भरून झाल्या, तेवढ्यात गोजराबाईनं भरसकाळी खाट मांडवाजवळ ओढली. आपल्याला फार झोप येत आहे, असं तिनं सुनेला ऐकवलं, आणि मांडवाखालचं स्टूल कुणी हलवू नये, असंही बजावलं. मग तिनं तोंडावर पदर घेतला. सासू सकाळची कधी झोपली नव्हती. सुचितानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग स्टूल करकरलं, देठ मोडल्याचा आवाज आला आणि दोडका खुळखुळला.

"हळू उतर, बाई," पदराखालून गोजराबाई म्हणाली. या खेपेला ती खरोखरच जागी होती.