राज्याचा रकाना

ब्रिस्बेनच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं मला आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायला सांगितलं, तेव्हा वाटलं बाईचं काहीतरी चुकतंय. मी निघाले होते नॉरफोक बेटाला. नॉरफोक ऑस्ट्रेलियात आहे. नकाशात ते पॅसिफिकच्या पाण्यात पेनाची शाई सांडल्यासारखं एक टिंब दिसत असलं, तरी ऑस्ट्रेलियातच आहे. बाई म्हणाली, हो, आहे ना, पण विमान तिकडूनच सुटतं. मग परदेशी जाणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून मी देशातल्या देशात परदेशी निघाले.

खरं तर मला याचं आश्चर्य वाटायला नको होतं. मी बेळगावची. आमच्याकडचं प्रत्येक कट्टर मराठी घर महाराष्ट्रात आहे, फक्त नळ, वीज आणि पोलीस तेवढे कर्नाटकाचे आहेत. माझे बाबा चित्रकलेचे शिक्षक होते आणि उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्याही फॉर्मवर पत्त्यात 'कर्नाटक' लिहिलेलं नाही. आई गेल्यापासून ते एकटे आहेत, वय एक्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. त्यांना कायमचं ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला माझ्याकडे आणायचं म्हणून मी व्हिसाचा अर्ज स्वतः भरून त्यांच्याकडे सहीला पाठवला होता. बाबांनी सही करताना राज्याच्या रकान्यातलं 'कर्नाटक' खोडून शाईच्या पेनानं सुबक अक्षरात 'महाराष्ट्र' लिहिलं. पासपोर्टवर अर्थातच वेगळं होतं. अर्ज खुलासा मागत परत आला. त्याला वर्ष झालं. ते वर्षभर आम्ही फोनवर भांडतोय आणि अर्ज माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

तर अशा घरातली मी, टूवूंबाच्या इस्पितळातली डॉक्टर, पंधरा दिवस बदली डॉक्टर म्हणून नॉरफोकला चालले होते.

उतरल्यावर दिसली ती पाइनची सरळसोट झाडं, हिरव्या टेकड्या आणि रस्त्यात गाई. इथे गाईला रस्त्यावर पहिला हक्क आहे. ती उभी राहिली की गाड्या उभ्या राहतात. अख्ख्या बेटावर दुसरं कोणी भारतीय नसावं आणि मला मात्र पहिल्या पाच मिनिटांत घरी आल्यासारखं वाटलं. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून हात वर करून सलाम करतो, तुम्हीही करायचा. संध्याकाळपर्यंत माझा खांदा दुखायला लागला.

इस्पितळातली नर्स जोआन मला न्यायला आली होती. तिनं 'वटावे योर्ली' (कसं काय, मंडळी) म्हणून स्वागत केलं. हे लोक जहाजावर बंड केलेल्या खलाशांचे आणि ताहितीच्या बायकांचे वंशज. भाषा दोन्हीकडची, गरजेपुरती घेतलेली. घरी नेऊन तिनं पिल्हाय (किसलेल्या केळ्यांची भाजलेली वडी) खायला दिली. ती गोड आहे की तिखट हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी डब्यातून मेतकूट काढून वर भुरभुरलं. जोआननं चव घेतली आणि विनम्रपणे पाणी प्यायली.

बेटाचा कारभार तिनंच समजावून सांगितला. पूर्वी इथे त्यांची स्वतःची विधानसभा होती. दहा-एक वर्षांपूर्वी कॅनबेराच्या केंद्र सरकारनं ती बंद केली. आता कायदे पुष्कळसे एका राज्याचे, इस्पितळ आणि शाळा चालवायला मदत दुसऱ्या राज्याची, आणि मत द्यायचं ते राजधानीतल्या मतदारसंघात, जिथे उमेदवार कोण आहे हे त्याच्या पत्रकावरूनच कळतं. मी विचारलं, मग तुम्ही नक्की कोणाचे? जोआन म्हणाली, ते कोणाला काय हवंय त्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये सभा होती. विषय, बेटाला पूर्ण राज्याचा दर्जा मागावा का. माझं रक्त आपोआप तापलं. असल्या सभांना मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. सभेत तीन पक्ष निघाले. पूर्ण राज्य हवं म्हणणारे, एका राज्यात रीतसर सामील होऊ म्हणणारे, आणि आमची विधानसभा परत द्या म्हणणारे. तिन्ही पक्षांनी चहा एकाच किटलीतून घेतला. पाहुण्यांपैकी कोणाला बोलायचंय का, असं अध्यक्षांनी सौजन्यानं विचारलं. सौजन्यानं विचारलेलं बेळगावच्या माणसाला कळत नाही. मी उठले.

मी दहा मिनिटं बोलले. अस्मिता, भाषा, हक्काचं राज्य, मागे हटू नका. टाळीच्या जागी नेमकी थांबले. टाळी पडली नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "तुझ्या गावाला मिळालं का, डॉक्टर?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"किती वर्षं झाली मागून?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून मागतोय."

म्हातारीनं मान डोलावली आणि मला बिस्किटांची बशी पुढे केली. बाहेर येऊन बघते तर गाडी उघडेना. किल्ली गाडीतच ठेवायची ही बेटाची पद्धत आणि गाडी लॉक करायची ही माझी. मी दोन्ही एकदम पाळल्या होत्या. तिन्ही पक्षांनी एकत्र येऊन तारेनं दार उघडून दिलं. त्या दिवसाचा एकमतानं झालेला ठराव तेवढाच.

अंकल अर्नी मला भेटले ते दुसऱ्या दिवशी. इथे वडीलधाऱ्यांना सगळेच अंकल आणि आंट म्हणतात. ते जोआनचे मामा, पण तसे ते निम्म्या बेटाचे मामा होते. वय चौऱ्याऐंशी, हृदयाची झडप खराब, फुप्फुसात पाणी. औषधांनी थोडा आराम पडला, पण इलाज मुख्य भूमीवरच होता. मी सरळ सांगितलं, विमान मागवते, तिकडे झडप बसवली तर वर्ष-दोन वर्षं मिळतील. इथे राहिलात तर काही आठवडे, कदाचित दिवसच.

"नाही जायचं," अर्नी म्हणाले.

मला ही भाषा ओळखीची होती. अशा म्हाताऱ्यांचा मला वर्षभराचा सराव होता. मी खुर्ची ओढून बसले आणि बाबांना ऐकवते ते सगळं त्यांना ऐकवलं, हट्ट, व्यवहार, मुलांची काळजी. त्यांनी संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग दम घेत घेत सांगितलं. बेटावर कोणी गेलं की खड्डा गावातली माणसंच खणतात. फावडी घेऊन येतात, मोबदला घेत नाहीत. अर्नी त्या खणणाऱ्यांत चाळीस वर्षं होते. त्यांचा मित्र वॉली असाच विमानातून तिकडे गेला आणि तिकडेच वारला. त्याला परत आणायच्या कागदपत्रांत, तो कुठल्या राज्याचा रहिवासी, यावर घोळ झाला. मग विमान ढगांमुळे उतरलं नाही.

"वॉलीचा खड्डा आम्ही दोनदा खणला," अर्नी म्हणाले. "पहिला पावसानं भरला. त्याची बायको रोज येऊन त्या पाण्याकडे बघायची."

मी विचारलं, राज्य झालं असतं तर हे टळलं असतं का? माझ्या डोक्यातून सभा अजून गेली नव्हती.

"झालं तर होऊ दे. मला एवढंच हवंय, माझं काय करायचं हे ठरवताना समोर इथलं माणूस असावं. तू चांगली आहेस, डॉक्टर. पण तू पंधरा दिवसांनी जाणार."

राग आला, तो नेमका कोणावर ते कळलं नाही. त्यांचं डोकं शाबूत होतं, निर्णय त्यांचाच होता, आणि तो मला पटत नव्हता एवढंच. मी उपचार नाकारल्याची नोंद करायला संगणकासमोर बसले. पत्ता भरला. राज्याच्या रकान्यातली यादी उघडली. त्यात सगळी राज्यं होती, नॉरफोक नव्हतं. रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नव्हतं. जोआन मागून म्हणाली, "मनाला येईल ते निवड, सगळे तेच करतात." मी कुठलं निवडलं ते इथे सांगत नाही, अर्नींना कळलं तर वाईट वाटेल.

फुप्फुसातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्या, प्राणवायू आणि उशाला समुद्राकडची खिडकी, एवढंच आम्हाला देता आलं. रोज कोणीतरी यायचं, पायाशी बसून मासेमारीचं बोलायचं. माझ्या बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते गेले. जोआननं त्यांचे केस विंचरले. दुसऱ्या दिवशी समुद्रालगतच्या दफनभूमीत, त्यांच्या बायकोशेजारी खड्डा खणला गेला. राज्य हवं म्हणणारे आणि विधानसभा हवी म्हणणारे एकाच ठिकाणी आळीपाळीनं फावडी मारत होते. मलाही फावडं दिलं. मी चार घाव घातले, माती जेमतेम बशीभर निघाली. कोणी हसलं नाही. मी मात्र तिथे उभी राहून रडले, आठ दिवसांच्या पेशंटसाठी रडावं त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त.

परतीच्या प्रवासात ब्रिस्बेनला पुन्हा आंतरराष्ट्रीय आगमनातून आत आले. उरलेल्या मेतकुटाचा डबा तिथल्या तपासणीवाल्यांनी ठेवून घेतला.

टूवूंबाला पोचल्यावर बाबांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच होता, मिळतंय का त्यांना राज्य? मी म्हटलं, लक्षण नाही. मग अर्नींचं सगळं सांगितलं, वॉलीच्या दोन खड्ड्यांसकट.

"खणायला सगळी आलती म्हणतीस?" बाबांनी विचारलं.

"सगळी."

"बरं झालं." मग अगदी हलक्या आवाजात, "तो कागद पाठव गे परत. लिहितो मी कर्नाटक. तुला एवढा घोर लागून राहतोय, तर लिहितो."

वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. मी ड्रॉवर उघडला. अर्ज वरच होता, निळ्या शाईतलं 'महाराष्ट्र' तसंच, एकही अक्षर न हललेलं. शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसं.

"नको बाबा," मी म्हणाले. "तुम्ही काही खोडायचं नाही. मीच येते."

दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज भरला. रजेच्या काळातला पत्ता विचारला होता. बेळगाव लिहिलं, आणि राज्याच्या रकान्यात पेनानं 'महाराष्ट्र'. बघू, तोही परत येतो का.