मिश्रीची डबी

दोस्तांनो, ही चिठ्ठी आपल्या चौघांतच फिरवा.

उद्या कमलचे मामा तिच्यासाठी मला बघायला येणार. कॉलेज अर्धवट सोडल्याचं त्यांना कळलंय. गिरणीत सवय लागलेल्या मिश्रीचे, त्या भाजक्या तंबाखूचे, डाग तरी दातांवर दिसू नयेत, म्हणून आज सकाळी हंडा घासायची विटेची पूड घेतली आणि रागारागानं दात घासत सुटलो. हिरड्या रक्तबंबाळ झाल्या, डाग तसेच!

आई ओरडली, "आरं, दात हायत की हंडा?"

वैद्यबुवा म्हणाले, "मिठाच्या पाण्यानं चुळा भर. मिश्री सोड, रोज हलक्या हातानं घास. महिन्याभरात फरक पडंल."

महिना कुठला, मामा उद्या येतायत! कमलला माझं हसू आवडतं. आणि ठणका थांबवायला हात पुन्हा डबीकडेच जातोय.

संध्याकाळच्या आत कुणी येऊन ती डबी घेऊन जाल का?