म्हाताऱ्याच्या अंगातला शर्ट

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी आमच्या डोंगरी गावात म्हातारा बसतो. म्हातारा म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा. पोरं घरोघर फिरून जुने कपडे गोळा करतात, त्यांत पेंढा आणि फटाके भरतात आणि त्याला नाक्यावर खुर्चीत बसवतात. रात्री बारा वाजता तो जाळायचा.

मी शहरात, हाटकेशला फ्लॅटमध्ये राहतो. त्या दिवशी सकाळीच गावी आलो. बाबा गेल्यानंतरची ही पहिली वर्षअखेर होती आणि संध्याकाळच्या आभाराच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आईला एकटं जाऊ द्यायचं नव्हतं. आई चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती. नुसतं बसण्यापेक्षा मी कपाट आवरायला घेतलं. खालच्या कप्प्यात जुने टॉवेल आणि विरलेल्या चादरी होत्या. तेवढ्यात पोरं दारात आली.

"अंकल, म्हाताऱ्याला काय हाय का? नंगा बसलाय बिचारा."

मी गठ्ठा उचलून दिला. उघडून पाहिला नाही.

संध्याकाळी आई आणि मी चर्चला निघालो. नाक्यावर म्हातारा तयार होता. डोक्याच्या जागी मडकं, त्यावर गॉगल. शेजारची मावशी ओट्यावरून ओरडली, "यंदा म्हातारा साहेब हाय गो! कॉलरचा शर्ट घालून बसलाय. मिस्सेला न्या त्याला पण!"

सगळे हसले. मीही हसलो. आई थांबली.

ती खुर्चीपाशी गेली आणि म्हाताऱ्याची कॉलर उलटून पाहिली. कॉलर विटली तेव्हा तिनंच ती उसवून उलट्या बाजूनं शिवली होती. बाबांनी तो शर्ट शेवटचा घातला, त्यानंतर तिनं तो धुतला नव्हता. टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. हे मला तिथं, रस्त्यात, तिच्या तोंडून कळलं.

"हा कोणी दिला?" तिनं विचारलं.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात काढली. खाडीत सापडलेल्या अनोळखी मृतदेहांच्या बातम्या मी लिहिल्या आहेत. 'अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट' असं काहीतरी त्यांत आवर्जून असायचं, घरच्या माणसांना ओळख पटावी म्हणून. म्हाताऱ्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. दुपारी मी त्याच्यासमोरून गेलो होतो. मोबाइलवर फोटोही काढला होता.

पोरांनी शर्ट काढला. पेंढा गळाला आणि म्हातारा खुर्चीतच खचला.

"आता ह्याला काय घालायचं?" एक जण पुटपुटला.

मी माझ्या शर्टाची बटणं सोडली आणि शर्ट त्याच्या हातात दिला. बनियनवर उभा राहिलो. मावशी ओट्यावरून उठून आत गेली. आईनं बाबांचा शर्ट नाकाशी धरला.

"पेंढ्याचा वास येतोय," एवढंच म्हणाली आणि घडी करून तो पिशवीत ठेवला.

मी घरून दुसरा शर्ट घालून आलो तोवर मिस्सा सुरू झाली होती. आईनं बाकावर माझ्यासाठी जागा धरली होती. प्रवचनानंतर फादरांनी सगळ्यांना थोडा वेळ शांत बसायला सांगितलं. वर्षभरात काय मिळालं, काय निसटलं, ते देवापुढे ठेवा आणि उद्यासाठी आशा मागा, असं ते म्हणाले. मला मागण्यासारखं काही सुचेना. गेलेला वास परत कसा मागायचा? आईला 'चुकलो' म्हणायचं होतं. चर्चमध्ये बोलू नये, अशी सबब काढून तेही पुढे ढकललं.

आईच माझ्याकडे झुकली.

"तुझा चांगला शर्ट गेला रे."

"जाऊ दे, आई."

"त्यांचा होईल तुला. उद्या धुते. धुवायचाच होता कधीतरी."

ती हे माझ्यासाठी म्हणत होती, एवढं मला कळलं. मान वर करून तिच्याकडे पाहता आलं नाही.

नव्या वर्षाच्या सकाळी शर्ट अंगणात दोरीवर होता. नाक्यावर पोरं राख झाडत होती. दुपारी आईनं इस्त्री करून शर्ट मला घालायला लावला. खांद्यात तो घट्ट होत होता.

"आई, मी गठ्ठा उघडून बघायला हवा होता."

"हवा होता," ती म्हणाली. तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "हात वर कर. बगलेत सैल करून देते."