पार्सलात काय आहे ते बोलून सांगावे

आमच्या मराठी ग्रुपला नियम हवेत असं मीच म्हणाले आणि फसले. आपल्याकडे जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. नवरा इथे सौदीत, थुवालला विद्यापीठात नोकरीला, मुलगी शाळेत, मी घरी. तेव्हा 'तुम्हाला काय, वेळच वेळ' असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. वेळच वेळ! माझ्या स्वयंपाकघरात एक दिवस उभं राहून दाखवा म्हणावं.

ग्रुप थुवाल, जेद्दा आणि ताइफच्या मराठी घरांचा. पुण्या-नाशिकचे इंजिनियर, त्यांची कुटुंबं, एकटी राहणारी पोरं आणि रत्नागिरीकडचे काही जुने लोक. त्यांतले सगळ्यात जुने म्हणजे चाचा. जेद्दाच्या जुन्या बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान आहे. माझ्या जोडीला मी त्यांना ॲडमिन केलं, कारण त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. माझ्याशी मात्र सगळेच घालतात.

पहिला नियम मी झोकात लिहिला. राजकारण नको, धर्म नको, फॉरवर्ड नको, फुलंबिलं घातलेलं सुप्रभात तर नकोच नको. लगेच चाचांचा फोन.

"बाय, मग माणसांनी बोलायचं काय? हवामान? इथं हवामान एकच. ऊन!"

"चाचा, भांडणं होतात म्हणून."

"होऊ देत की. भांडतात नि जुम्म्याला एकमेकांकडे जेवायला जातात."

मी काही ऐकलं नाही. दुसरा नियम असा की सदस्य फक्त इथे राहणारेच हवेत. याला कारण होतं. एकीने नागपूरच्या सासूबाईंना ग्रुपमध्ये घेतलं, आणि त्यांनी आल्या आल्या आमच्या बिनलग्नाच्या इंजिनियरांकडे पत्रिका मागितल्या. पोरं पळायच्या बेतात होती. हे नियम वाचून माझी मुलगी म्हणाली, "आई, यू आर वर्स दॅन अवर प्रिन्सिपल." मी म्हटलं, प्रिन्सिपलला पगार तरी मिळतो.

आणि मग पार्सलं. इथे कुणी सुट्टीवर निघालं की 'सुखरूप जा' नंतर म्हणतात, आधी 'बॅगेत जागा आहे का?' विचारतात. "छोटंसंच आहे हो!" ते छोटंसं म्हणजे काय, ते उचलल्याशिवाय कळत नाही. एकाला पापड म्हणून दिलेल्या खोक्यातून बिडाचा तवा निघाला. दुसऱ्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी फुटली, आणि तो कितीतरी दिवस ऑफिसात हिंगाचा वास घेऊन फिरत होता. म्हणून मी तिसरा नियम केला, आणि त्याचा मला भारी अभिमान. पार्सल देणाऱ्याने आत काय आहे ते स्वतःच्या आवाजात ग्रुपवर सांगायचं. लिहायचं नाही, बोलायचं. लिहिताना माणूस 'खाऊ' लिहून मोकळा होतो. बोलायला लागला की सगळं बाहेर येतं. चाचासुद्धा म्हणाले, "हे बाकी झकास केलंस."

ताइफला, वर डोंगरातल्या थंड हवेत, आमच्यातली एक मुलगी राहायची. नवरा तिथल्या हॉस्पिटलात यंत्रं सांभाळायला. ती ग्रुपवर ढगांचे आणि गुलाबाच्या शेतांचे फोटो टाकायची, आणि आम्ही समुद्रकाठचे घामाने निथळत तिच्या नावाने बोटं मोडायचो. तिला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण. मग एकाएकी फोटो बंद झाले. मी फोन केला तर बाईसाहेब रडतायत. सांगलीहून आई यायची होती, तिचा व्हिसासुद्धा झाला होता, आणि नेमके वडील पडले. खुब्याचं हाड मोडलं. आता आई त्यांना सोडून येणार कशी?

"काकू, मला एकटीला नाही जमणार," ती म्हणाली. "मी आजवर तान्हं बाळ हातातसुद्धा धरलेलं नाही."

मी 'सगळं जमतं गं' म्हटलं आणि रोज फोन करायचं कबूल केलं.

आपल्याला येता येत नाही तर निदान डिंकाचे लाडू तरी पोचावेत, असं त्या माउलीने ठरवलं. आमच्यातला एक तरुण इंजिनियर सुट्टी संपवून पुण्याहून परत यायचा होता. सांगलीहून डबा त्याच्या घरी गेला. ही मला रोज विचारायची, "काकू, तो कधी निघणार?" डब्यातून आईच येणार आहे अशी वाट बघत होती पोर.

तो निघायच्या दिवशी, नियमाप्रमाणे, ताइफच्या मुलीने आईचा आवाज ग्रुपवर टाकला. ठसठशीत, मायेचा आवाज.

"नमस्कार सगळ्यांना. डब्यात डिंकाचे लाडू हाईत. डिंक, खारीक, सुकं खोबरं, बदाम, घरचं तूप. आणि पोरीला झोप लागत न्हाई म्हणती, म्हणून खसखस चांगली सढळ हातानं घातलीया."

खसखस! माझी पोळी तव्यावर करपली. अहो, इथे खसखशीला सक्त बंदी. अमली पदार्थांत धरतात. बॅगेत सापडली तर माणूस विमानतळावरून थेट तुरुंगात. पण सांगलीच्या स्वयंपाकघरात हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? तिथे ती जिऱ्यामोहरीच्या शेजारी बसलेली असते!

आम्ही सगळ्यांनी एकदम त्या इंजिनियरला फोन लावले. सगळे एकदम लावल्यावर कुणाचा लागणार? शेवटी चाचांचा लागला. "पोरा, डबा घरी ठेव. एक लाडू म्हणून खिशात नको." डबा राहिला. त्याच्या घरच्यांनी तो फस्त केला आणि वर 'अप्रतिम झालेत' असा निरोपही धाडला. धन्य!

ताइफच्या मुलीने ग्रुपवर लिहिलं, "ठीक आहे. खलास." आणि ती ग्रुपमधून निघून गेली.

मला असा संताप आला म्हणता! आणि तो काढायचा कुणावर? नियमाने एक पोरगा वाचवला होता, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. पण तिच्या हाती काय आलं? काही नाही. मी चाचांना फोन करून त्यांच्यावरच डाफरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाय, डिंक येतो कुठून ठाऊक आहे? या समुद्रापलीकडून, सुदानातून. माझ्या दुकानात पोत्याने पडलाय. खारीक आहे, बदाम आहे, खोबरं आहे. मग राहिलं काय?"

"आई राहिली, चाचा."

"मग तिला घे ग्रुपात."

"पण नियम..."

"तूच केलास ना? तूच मोड. यल्ला, लाग कामाला!"

मी सांगलीच्या आईंना ग्रुपमध्ये घेतलं आणि ताइफच्या मुलीला दटावून परत आणलं. आईंनी पहिल्या दिवशीच ताबा घेतला. डिंक भाजायचा म्हणणारीला "भाजायचा न्हाई, तुपात तळायचा, लाहीवानी फुलला पाहिजे" असं ऐकवलं. एकीने भीतभीत विचारलं, लाडवांत ओट्स घातले तर? तिला जे उत्तर मिळालं, त्यानंतर तिने ओट्सचं नाव काढलं नाही. मला तर त्या बाई फारच आवडल्या.

शुक्रवारी चाचा, चाची, नवरा आणि मी ताइफला निघालो. गाडी मी चालवली. मागे सामानाच्या पिशव्या, आणि चाचांचं सारखं "हळू चालव गो." घाटात माकडांची टोळी आडवी आली. चाचींनी खिडकीच्या काचा चढवल्या आणि बदामांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

दुपारी तिच्या स्वयंपाकघरात फोन बरणीला टेकवून उभा केला. फोनमध्ये सांगली. खोबरं किती तांबूस व्हायला हवं इथपासून आईंची देखरेख. डिंक फुलला तेव्हा चाचींनी टाळी वाजवली. मुलीने वळलेला पहिला लाडू तिच्या हातातच फुटला.

"गरम हाय तोवर वळ," आई म्हणाल्या. "हात भाजतोय? भाजू दे. तूप सोड अजून. आता मूठ आवळ."

दुसरा जमला. तिने तो फोनसमोर धरला आणि खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी.

"आता पाय दाखव," आई म्हणाल्या.

"आई! सगळे आहेत इथे."

"असूद्यात की. दाखव."

तिने फोन खाली नेला. पावलं सुजून टम्म झाली होती.

दुपारभर हुकूम सोडणाऱ्या आई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तिच्या पायांना जरा तेल लावाल का? घोट्यापासून वर. फार दाबू नका."

मी हात धुतले. ती 'काकू, नको, तुम्ही कशाला' म्हणत राहिली, पण चाचींनी तिला सोफ्यावर आडवं केलंच. मी खाली बसून तेल कोमट करून लावायला लागले. थोड्या वेळाने तिचं 'नको नको' बंद झालं.

"झोपली का?" फोनमधून विचारणा झाली.

"झोपली."

"मग इतक्यात बंद करू नका. तिच्याकडं वळवून ठेवा."

मी फोन वळवून ठेवला आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.