जावयाचं धोंड्याचं व्हाउचर

हिंगोलीकरांनो, आज मान खाली घालून घरी आलोय.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला कपड्यांऐवजी सिद्धेश्वर धरणाकडच्या एका रिसॉर्टचं व्हाउचर दिलं होतं. बोटिंग अन् जेवण, कोणत्याही दिवशी. आज रविवार म्हणून लेक-जावयाला घेऊन गेलो. गेटवरच मॅनेजर म्हणाला, “नियम बदलले. आता रविवारी चालत न्हाई.”

विकल्यावर नियम बदलतात व्हय? हे त्याला विचारायचं होतं. पण जावयासमोर माझी इज्जत जाऊन राहिली होती, म्हणून लेकीवरच ओरडलो, “आधी फोन काहून केला न्हाई?”

तिनं फक्त व्हाउचर माझ्यापुढं धरलं. त्यावर ‘कोणत्याही दिवशी’ असं ठळक छापलेलं होतं.

मॅनेजरची तक्रार मी ग्राहक आयोगात करीन. माझी तक्रार माझ्या लेकीनं कुठं करायची, सांगा?