कपाटातला सलाम

माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, जाहिराती सुचायच्या आमच्या स्वयंपाकघरात. सकाळी ओट्याला टेकून मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचे. पहिल्यांदाच लिंबू चाखणारं बाळ, हरवलेल्या मालकाला ओळखून वेडापिसा झालेला कुत्रा. हसू आलं की चहाचा ठसका, रडू आलं की माझ्या हातपुसण्याला डोळे पुसायचे.

"वहिनी, माणूस हसला किंवा रडला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो," म्हणायचे.

असाच एक व्हिडिओ सापडला. हमाल पाठीवर लोखंडी कपाट घेऊन जिना चढतोय. दोर तुटतो. कपाट आणि माणूस गडगडत खाली. कपाट उताणं, दार उघडं आणि हा बरोबर आत. मग तो उठून बसतो, कपाळाला हात लावून सलाम ठोकतो. तिथंच व्हिडिओ संपला. भाऊजी हसून हसून बेजार. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

त्यावरून त्यांनी गादीची जाहिरात केली. नट जिन्यावरून कोलांट्या खात येतो, गादीवर पडतो, सलाम ठोकतो. 'पडा बिनधास्त!' जो तो सलाम ठोकत सुटला, अगदी आमचा दूधवालासुद्धा. भाऊजींना बढती मिळाली.

एका संध्याकाळी ते दारात बूट काढत होते. ऑफिसपासून त्यांच्या मागावर आलेली एक बाई जिना चढून वर आली.

"ती सलामाची जाहिरात तुम्हीच केलीत ना?"

"हो, मीच!" भाऊजी हसले आणि त्यांनी तिला सलाम ठोकला.

तिनं पिशवीतून हमालाचा आकडा काढला, पोती ओढायचा, लोखंडी. पहिल्याच फटक्यात भाऊजींचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाटला. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली.

"सलाम नव्हता तो!" ती किंचाळली. "डोकं आतून फुटलं होतं त्याचं, धरून बसला होता! नवरा होता माझा! त्याच दिवशी मेला!"

दुसरा वार खांद्यात रुतला. तेवढ्यात आमचे हे आतून धावत आले आणि हातातली खुर्ची तिच्या दंडावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दारात ऐकू आला. ती कोसळली. ह्यांनी खुर्ची पुन्हा उगारली, तसे भाऊजी रक्तबंबाळ अवस्थेत सख्ख्या भावावर तुटून पडले. गळा धरला, डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं.

"तिला हात लावलास तर जीव घेईन, दादा!"

मी मध्ये पडले, तर कुणाचं तरी कोपर लागून माझा ओठ फुटला.

दवाखान्यात पोलीस आले. टाके घातलेल्या तोंडानं भाऊजींनी सांगितलं, "झटापटीत मीच आकड्यावर पडलो. तक्रार नाही." बाहेर बाकावर ती हाताला प्लास्टर घालून बसली होती. भाऊजींनी तिच्यासमोर हात जोडले. ती उठली, त्यांच्या तोंडावर थुंकली आणि निघून गेली.

बरं वाटल्यावर ते ऑफिसात गेले. जाहिरात बंद करा म्हणाले.

"अरे, बाईला काहीतरी देऊन टाकू," मालक म्हणाला. "तुफान चाललीय. शिवाय तो हमाल मेला हे कुणाला माहितीय?"

भाऊजींनी त्याची कॉलर धरून त्याचं तोंड केबिनच्या काचेवर हाणलं. काच तडकली तरी सोडलं नाही. चौघांनी ओढून काढलं. नोकरी गेली, कोठडी झाली, कोर्टाच्या चकरा अजून चालू आहेत. जाहिरात मात्र कंपनीला नवी मिळेपर्यंत बिनबोभाट चालली.

आता ते एका छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासतात. गालावरच्या व्रणामुळे त्यांना नीट हसता येत नाही. दोघा भावांचं बोलणं तुटलंय. ह्यांना वाटतं, ज्याला वाचवलं त्यानंच आपलं डोकं फोडलं. जेवायला मात्र एकाच टेबलावर बसतात.

"वहिनी, दादाला वरण हवंय," भाऊजी मला सांगतात. दादा हाताच्या अंतरावर बसलेला असतो, वरणाचं पातेलं भाऊजींच्या पुढ्यात असतं आणि उठावं मला लागतं.